आयटीपी: प्लेटलेट कमी असताना कसं राहायचं आणि उपचार कसे तोलायचे

आयटीपी म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच प्लेटलेटविरुद्ध अँटिबॉडी तयार करते आणि त्या चिकटलेल्या प्लेटलेट प्लीहेतल्या (स्प्लीनमधल्या) पेशी गिळून टाकतात. एरवी प्लेटलेट ७ ते १० दिवस जगते; आयटीपीत ती कित्येकदा काही तासांतच संपते. हाच मारा अस्थिमज्जेत प्लेटलेट तयार करणाऱ्या पेशींवरही होतो, त्यामुळे नवी निर्मिती तूट भरून काढण्याइतकी वाढत नाही. झाडून सगळे उपचार या दोन टोकांपैकी एकावर काम करतात: नाश थोपवणं किंवा निर्मिती वाढवणं. आपलं औषध कुठल्या टोकावरचं आहे हे ठाऊक असलं, की डॉक्टरांशी बोलणं पुष्कळ सोपं होतं.

उपचाराचं उद्दिष्ट मात्र सुरुवातीलाच नीट समजून घ्या. रिपोर्टवर दीड लाखाचा नॉर्मल आकडा आणणं हे उद्दिष्ट नाही. धोकादायक रक्तस्राव टाळायचा आणि तेही औषधाने आजारापेक्षा जास्त त्रास न देता, एवढंच साधायचं असतं. आयटीपीत रक्तात असलेल्या प्लेटलेट बहुतेक नव्या, आकाराने मोठ्या आणि कामाला चपळ असतात. म्हणून केमोथेरपीनंतर २० हजारांवर असलेल्या रुग्णापेक्षा आयटीपीचा २० हजारांवरचा रुग्ण सहसा कमी रक्तस्राव भोगतो. बरेच जण ३० ते ५० हजारांवर वर्षानुवर्षं कोणत्याही औषधाविना राहतात.

आधी निदान पक्कं करा

आयटीपी सिद्ध करणारी एकही तपासणी नाही. प्लेटलेट १ लाखाच्या खाली, बाकीच्या पेशी नॉर्मल आणि दुसरं कारण सापडत नाही, अशा वजाबाकीने हे निदान होतं. वजाबाकी घाईत झाली असेल तर पुढचं सगळं चुकतं.

पहिली पायरी म्हणजे ब्लड स्मिअर. काचपट्टीवरचं रक्त माणसाने डोळ्यांनी पाहायला हवं, मशीनचा आकडा पुरेसा नाही. सीबीसीच्या (रक्तपेशी मोजायच्या नेहमीच्या तपासणीच्या) नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. काही लोकांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात आणि मशीनला त्या दिसतच नाहीत. रिपोर्ट १५ हजार येतो, प्रत्यक्षात प्लेटलेट २ लाख असतात. अंगावर एकही डाग नसताना आकडा फार खाली आला, तर सायट्रेटच्या नळीत पुन्हा नमुना द्या. या नळीतल्या द्रवामुळे रक्त थोडं पातळ होतं, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात. या साध्या तपासणीअभावी स्टिरॉइड खाल्लेले लोक कमी नाहीत.

स्मिअरमध्ये लाल पेशींचे तुकडे दिसले आणि हिमोग्लोबिनही घसरलेलं असलं, तर मामला वेगळाच असू शकतो. टीटीपी नावाच्या आजारातही प्लेटलेट कमी होतात, पण त्यात तासांचा हिशेब असतो आणि उपचार पूर्ण वेगळे असतात. अपरिपक्व पांढऱ्या पेशी दिसल्या, वजन घटत असलं, गाठी किंवा वाढलेली प्लीहा हाताला लागत असली, तर अस्थिमज्जेची तपासणी लागते. एरवी ठराविक चित्र असलेल्या रुग्णाला ती सरसकट लागत नाही.

त्यासोबत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, एएनए (ल्युपससारख्या आजारांसाठीची तपासणी), इम्युनोग्लोब्युलिनची म्हणजे अँटिबॉडींची पातळी, रक्तगट आणि कूम्ब्स तपासणी करून घ्यावी. कूम्ब्स पॉझिटिव्ह असली तर लाल पेशीही नष्ट होत असण्याची शक्यता असते. पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी जरूर करा. तो सापडला आणि अँटिबायोटिकने घालवला, तर काही जणांच्या प्लेटलेट तेवढ्यानेच वाढतात. इतका स्वस्तात सुटणारा मार्ग या आजारात दुसरा नाही. प्लेटलेटविरोधी अँटिबॉडीची तपासणी मात्र फारशी उपयोगाची नाही. ती निगेटिव्ह आली तरी आयटीपी असू शकतो.

एक व्यवहारी सूचना: हिपॅटायटिसच्या तपासण्यांचं रक्त आयव्हीआयजी देण्याच्या आधी घ्यायला सांगा. आयव्हीआयजी हे शिरेतून द्यायचं औषध हजारो रक्तदात्यांच्या अँटिबॉडींपासून बनतं. ते दिल्यावर काही महिने तुमच्या रक्तात दुसऱ्यांच्या अँटिबॉडी दिसत राहतात. पुढे रिटुक्सिमॅब या औषधाचा (ज्याआधी हिपॅटायटिस बी तपासावाच लागतो) विषय निघाला, की खरा संसर्ग कोणता आणि उसना कोणता हे कळेनासं होतं.

गेल्या महिन्या-दोन महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक औषधाची यादीही द्या. क्विनीन, सल्फा गटातली अँटिबायोटिकं, लिनेझोलिड आणि हिपॅरिन ही प्लेटलेट पाडणारी नेहमीची नावं. काढे, पावडरी आणि ‘नैसर्गिक’ गोळ्याही यादीत हव्यात.

आकडा वाचताना

रिपोर्टवरचं एकक आधी बघा. ०.३० लाख, ३० हजार आणि ‘३० गुणिले १० चा नववा घात प्रति लिटर’ हे तिन्ही एकच आहेत. प्रयोगशाळा बदलली की एकक बदलतं आणि घरात उगाच घबराट होते.

खालच्या पातळीवर मशीनची अचूकता कमी होते. आयटीपीतल्या मोठ्या प्लेटलेटना काही मशीन लाल पेशी समजून वगळतात. म्हणून काल १२ हजार आणि आज १७ हजार यात सुधारणा शोधू नये, किंवा उलट झालं तर खचूही नये. शक्यतो एकच प्रयोगशाळा धरा. डोस बदलत असताना आठवड्याला एकदा, स्थिर झाल्यावर महिन्याला आणि औषधाविना बरं चाललं असेल तर तीन-चार महिन्यांनी तपासणी पुरते. रोज सीबीसी करणाऱ्याला माहिती जास्त मिळत नाही, काळजी मात्र रोज मिळते.

ताप किंवा सर्दी-खोकल्यासारख्या संसर्गात आकडा घसरतो आणि बरं वाटल्यावर बहुधा परत वर येतो. त्यामुळे आजारपणातल्या एका आकड्यावरून औषध बदलू नका. तब्येत सावरल्यावर आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघा. अर्थात त्या काळात रक्तस्राव वाढला, तर थांबायचं नाही.

नोंदवही ठेवा, पण त्यात आकड्याच्या शेजारी आणखी चार रकाने असू द्या: रक्तस्राव कुठे आणि किती वेळ, औषध आणि डोस, नवीन आजार किंवा नवीन गोळी, आणि थकवा दहापैकी किती. काही महिन्यांत तुमचा स्वतःचा नमुना दिसू लागतो. एखाद्याला १५ हजारांवरही फक्त पायावर टिपके येतात, दुसऱ्याच्या हिरड्यांतून ४० हजारांवरच रक्त येतं. पुस्तकातल्या मर्यादेपेक्षा तुमची स्वतःची मर्यादा जास्त उपयोगी आहे. थकव्याचा रकाना वाया जात नाही. आयटीपीतला थकवा खरा असतो, तो कित्येकदा आकड्याशी जुळत नाही, आणि त्यामागे लोहाची कमतरता, थायरॉइड, स्टिरॉइडने उडालेली झोप किंवा नैराश्य असू शकतं. ही चारही कारणं दुरुस्त होण्याजोगी आहेत.

रक्तस्राव: घरी काय, रुग्णालयात काय

नडगीवर, घोट्यावर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके, आपटल्याचं आठवत नसताना उमटलेले निळे डाग, ब्रश करताना हिरड्यांतून थोडं रक्त: हे त्रासदायक आहे, तातडीचं नाही. नोंद करा आणि पुढच्या भेटीत सांगा. अचानक वाढलं तर भेट अलीकडे घ्या.

नाकातून रक्त आलं तर ताठ बसून थोडं पुढे झुका. नाकाचा मऊ भाग, हाडाखालचा, चिमटीत घट्ट धरा आणि घड्याळ लावून १५ मिनिटं सोडू नका. दर दोन मिनिटांनी सोडून ‘थांबलं का’ बघणं हीच सगळ्यात जास्त होणारी चूक; धरलेली गुठळी त्यात निसटते. मान मागे टाकली तर रक्त पोटात जाऊन उलटी होते. दोन वेळा १५-१५ मिनिटं दाबूनही थांबलं नाही, तर रुग्णालय गाठा.

तोंडाच्या आत, गालाला किंवा जिभेला काळपट रक्ताचे फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. त्वचेवरच्या शंभर ठिपक्यांपेक्षा तोंडातले चार फोड जास्त बोलतात.

ताबडतोब निघायचं ते अशा वेळी: आयुष्यात कधी झाली नसेल अशी डोकेदुखी, डोकेदुखीसोबत उलटी, गुंगी, धूसर नजर, बोलण्यात अडखळ किंवा एका बाजूला अशक्तपणा, डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी, लाल लघवी, दाबूनही न थांबणारा रक्तस्राव, आणि ५० हजारांच्या खाली असताना डोक्याला लागलेला कोणताही जोराचा मार, मग तेव्हा कितीही बरं वाटत असो. मेंदूतला रक्तस्राव प्रौढांमध्ये शंभरात एक-दोघांना आणि मुलांमध्ये त्याहून खूपच कमी जणांना होतो. पण अख्ख्या आजारात खरी भीती ठेवायची ती याचीच.

अशा तातडीत डॉक्टर आयव्हीआयजी, शिरेतून मोठ्या डोसचं स्टिरॉइड आणि प्लेटलेट एकदमच देतात. एरवी नुसत्या प्लेटलेट चढवून फायदा नाही, कारण आपल्या प्लेटलेटचं जे होतं तेच त्यांचंही होतं. फक्त आकडा कमी आहे म्हणून कुणी प्लेटलेटच्या पिशव्या लावायला निघालं, तर ‘रक्तस्राव कुठे आहे?’ हा प्रश्न शांतपणे विचारा.

पाकिटात एक कार्ड ठेवा: निदान, रक्तगट, नेहमीचा आकडा, चालू औषधं, प्लीहा काढली असल्यास तसं स्पष्ट, आणि उपचार करणाऱ्या हिमॅटॉलॉजिस्टचा (रक्तविकारतज्ज्ञाचा) फोन. बेशुद्धीत हे कार्डच तुमच्या वतीने बोलेल.

रोजचं वागणं

अंगदुखीला आणि तापाला पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि नॅप्रोक्सेन टाळा. ही औषधं उरल्यासुरल्या प्लेटलेटचंही काम बंद पाडतात, आणि सर्दीच्या जोडगोळ्यांत ती लपलेली असतात, म्हणून पाकिटामागची घटकांची यादी वाचायची सवय लावा. प्लेटलेट वाढवणारे म्हणून विकले जाणारे रस आणि गोळ्या आयटीपीतला नाश थांबवत नाहीत. वर त्यातले काही यकृताला त्रास देतात, आणि मग यकृत औषधाने बिघडलं की रसाने, हे शोधत बसावं लागतं.

दात घासणं थांबवू नका. रक्त येतं म्हणून ब्रश सोडला की हिरड्या सुजतात आणि दुप्पट रक्त येतं. मऊ ब्रश वापरा. स्नायूत द्यायची इंजेक्शनं शक्यतो टाळा. लस घ्यायचीच असेल तर बारीक सुईने घेऊन त्या जागी निदान दोन मिनिटं, न चोळता, दाबून धरा.

चालणं, पोहणं, हेल्मेट घालून सायकल हे बहुतेकांना चालतं. ५० हजारांच्या खाली असताना कुस्ती, बॉक्सिंग, फुटबॉल अशा धक्काबुक्कीच्या खेळांपासून लांब राहावं. व्यायाम सरसकट बंद करणं मात्र चूक आहे, विशेषतः स्टिरॉइड चालू असताना. हाडं आणि स्नायू त्याच काळात झिजत असतात.

पाळीचा रक्तस्राव जास्त होत असेल तर ‘आयटीपी आहे, होणारच’ म्हणून सोसू नका. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या पाळीच्या त्या तीन-चार दिवसांपुरत्या घेतल्या जातात. प्रोजेस्टेरॉन गटातल्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन हेही पर्याय आहेत. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासून लोह भरून काढा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड लघवीतून रक्त जात असताना स्वतःहून घेऊ नये, गुठळीने मूत्रमार्ग अडू शकतो. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तरीही आधी विचारा. आयटीपी आहे म्हणजे गुठळी होणारच नाही हा समज खोटा आहे.

दात काढायला साधारण ३० हजार, छोट्या शस्त्रक्रियेला ५० हजार, मोठ्या शस्त्रक्रियेला ८० हजार आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेला १ लाख अशा मर्यादा सर्वसाधारणपणे धरतात. तारीख ठरली की निदान महिनाभर आधी हिमॅटॉलॉजिस्टना सांगा, म्हणजे आकडा तेवढ्यापुरता वर आणायची सवड मिळते.

उपचार घ्यायचा की नाही

प्रौढांमध्ये ३० हजार आणि त्यापुढे, रक्तस्राव नाही किंवा किरकोळ आहे, अशा वेळी नुसतं लक्ष ठेवणं हा पूर्ण प्रतिष्ठेचा उपचार आहे. ३० हजारांच्या खाली सहसा औषध सुरू करतात. वय साठीपुढे असलं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असली, कामात मार लागण्याचा धोका असला, तर ही रेघ वर सरकते. लहान मुलांचं गणित वेगळं आहे: संसर्गानंतर आलेला आयटीपी बहुतेक मुलांत वर्षभरात आपोआप जातो, म्हणून त्वचेवर फक्त डाग असतील तर आकडा १० हजार असला तरी अनेकदा औषध देत नाहीत. आईवडिलांना हे पचवणं कठीण जातं, पण न देण्यामागे ठोस कारण आहे.

औषध सुचवलं गेलं की ते नावावर जोखू नका. किती दिवसांत गुण येतो, थांबवल्यावर टिकतो का, शरीराकडून काय वसूल करतं, आणि ते घेतल्याने पुढची कोणती दारं काही काळ बंद होतात, हे विचारा. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात.

स्टिरॉइड. पहिलं पाऊल जवळजवळ नेहमी हेच. दोन पद्धती आहेत. प्रेडनिसोलोन वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम रोज, दोनेक आठवडे, मग उतरवत सहा आठवड्यांच्या आत बंद. किंवा डेक्सामेथासोन ४० मिलिग्रॅम रोज, फक्त ४ दिवस, गरजेप्रमाणे काही आठवड्यांनी पुन्हा. डेक्साचा डोस ऐकून औषध देणाऱ्यालाही चूक वाटते: ४ मिलिग्रॅमच्या १० गोळ्या एका दिवसात. चिठ्ठीवर ४ की ४० हे दोनदा तपासा. शून्य गळालं की उपचार ‘फसला’ अशी नोंद होऊन पुढचं जड औषध सुरू होतं.

गोळ्या सकाळी, पोटात काही असताना घ्या. संध्याकाळी घेतल्या तर झोप उडते. साखर आणि रक्तदाब पहिल्या आठवड्यापासून मोजा. चिडचिड, अतिउत्साह, रडू येणं हे औषधाचं आहे, स्वभावाचं नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तीन आठवड्यांहून जास्त रोज घेतलेलं स्टिरॉइड एकदम तोडू नका, शरीराची स्वतःची निर्मिती तोवर झोपलेली असते.

बहुतेकांचा आकडा एक-दोन आठवड्यांत वाढतो, पण औषध उतरवताना निम्म्याहून जास्त प्रौढांचा पुन्हा खाली येतो. इथेच मोठी चूक घडते: ‘१० मिलिग्रॅमवर बरं राहतंय’ म्हणून वर्षानुवर्षं तेच चालू ठेवणं. मोतीबिंदू, पोकळ हाडं, मधुमेह आणि जंतुसंसर्ग हे सगळे या शांत वर्षांचे हिशेब आहेत. दोन-तीन महिन्यांनंतरही स्टिरॉइडशिवाय चालत नसेल, तर पुढचा पर्याय मागून घ्या. डॉक्टरांनी विषय काढायची वाट बघू नका.

आयव्हीआयजी. घाईचं औषध. डोस दर किलोला १ ग्रॅम, एक किंवा दोन दिवस. ६० किलोच्या माणसाला एका दिवसात ६० ग्रॅम, म्हणजे १० टक्के द्रावणाचे ६०० मिलिलिटर. आकडा एक ते चार दिवसांत वर येतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. शस्त्रक्रियेआधी किंवा रक्तस्रावात उत्तम, कायमचा मार्ग म्हणून नाही. डोकेदुखी बहुधा वेगाने सोडल्याने होते: वेग कमी करायला सांगा, आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या. मूत्रपिंडाचा त्रास किंवा पूर्वी गुठळी असेल तर आधी सांगा. मुलांच्या बाबतीत गोवर आणि कांजिण्यांच्या जिवंत लसी यानंतर ८ ते ११ महिने पुढे ढकलाव्या लागतात, कारण उसन्या अँटिबॉडी लसच निकामी करतात.

निर्मिती वाढवणारी औषधं. एल्ट्रोम्बोपॅग आणि रोमिप्लोस्टिम २००८ साली अमेरिकेत मंजूर झाली, अव्हाट्रोम्बोपॅगला आयटीपीसाठी २०१९ साली मंजुरी मिळाली. ही औषधं अस्थिमज्जेला चाबूक मारतात, प्रतिकारशक्ती दाबत नाहीत. हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण. गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. लक्ष्य ५० हजारांच्या वर राहणं एवढंच. आकडा २ लाखांच्या वर गेला तर आनंद मानू नका, डोस कमी करून घ्या. यातला मुख्य धोका गुठळीचाच आहे.

एल्ट्रोम्बोपॅगची गोळी जितकी सोपी दिसते तितकी नाही. कॅल्शियम, लोह, झिंक, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम पोटात भेटलं की औषध त्यांना चिकटून बाहेर जातं. म्हणून दूध, दही, चीज, ॲसिडिटीची औषधं आणि खनिजांच्या गोळ्या यांच्या आधी किमान २ तास किंवा नंतर किमान ४ तास, असं अंतर ठेवायचं. आता असं बघा: स्टिरॉइड सुरू असताना हाडांसाठी कॅल्शियमची गोळी लिहिली जाते. नंतर एल्ट्रोम्बोपॅग येतं, कॅल्शियम तसंच राहतं आणि रुग्ण दोन्ही सकाळी एकत्र गिळतो. महिन्याभराने ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. औषध फसलं असं मानण्याआधी आठवडाभराचं खाणं आणि गोळ्यांच्या वेळा कागदावर मांडा. उठल्याउठल्या गोळी आणि दोन तासांनी दुधाचं काहीही, किंवा झोपताना गोळी आणि आधीच्या चार तासांत यातलं काही नाही, यांपैकी एक ठरवून टाका.

नेहमीचा सुरुवातीचा डोस ५० मिलिग्रॅम. पूर्व किंवा आग्नेय आशियाई वंशाच्या लोकांना आणि यकृत कमजोर असलेल्यांना २५. कमाल ७५. यकृताच्या तपासण्या सुरू करण्याआधी, डोस ठरेपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि नंतर दरमहा. औषध लोह बांधून ठेवतं, त्यामुळे फेरिटिनवरही नजर असू द्या.

अव्हाट्रोम्बोपॅगला दुधाचं पथ्य नाही. २० मिलिग्रॅम जेवणासोबत घ्यायचं. ज्यांना तासांचा हिशेब जमत नाही त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. रोमिप्लोस्टिम हे आठवड्याला एकदा त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन, दर किलोला १ मायक्रोग्रॅमपासून वर कमाल १० पर्यंत. सुरुवातीची मात्रा इतकी छोटी असते (६० किलोला ०.१२ मिलिलिटर) की ०.०१ मिलिलिटरच्या खुणा असलेली सिरिंजच लागते. पावडर विरघळवताना बाटली हलक्या हाताने फिरवा, जोरात हलवू नका.

रिटुक्सिमॅब. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी कमी करतं. नेहमीचा क्रम: दर चौरस मीटर ३७५ मिलिग्रॅम, आठवड्याला एकदा, चार वेळा. गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला निम्म्याहून जास्त जणांना फायदा होतो, पण पाच वर्षांनी तो टिकून असलेले साधारण चार-पाचांत एक. आकर्षण असं की चार फेऱ्यांनंतर रोजची गोळी राहत नाही. बंद होणारं दार म्हणजे लसी: यानंतर निदान सहा महिने लसींचा उपयोग फारसा होत नाही, म्हणून लागणाऱ्या लसी आधी उरकून घ्या. हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या, पृष्ठभागाचा अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी, दोन्ही झाल्याशिवाय पहिली सलाईन लावू देऊ नका. झोपलेला विषाणू जागा होऊन यकृत निकामी होऊ शकतं. मूल हवं असेल तर त्याचं वेळापत्रक याआधीच डॉक्टरांसमोर मांडा.

प्लीहा काढणं. या आजारावरचा जुन्यातला जुना उपाय. प्रागमध्ये पॉल काझनेलसन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने तो सुचवला आणि १९१६ साली शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आजही दीर्घकाळ गुण टिकण्यात याचा हात धरणारा उपचार नाही. जवळपास तिघांपैकी दोघांना औषधातून सुटका मिळते. तरी निदानानंतर निदान वर्षभर थांबतात, कारण तेवढ्यात काही जण आपोआप बरे होतात, आणि काढलेली प्लीहा परत बसवता येत नाही. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस यांच्या लसी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी हव्यात. नंतर आयुष्यभर ३८ अंश सेल्सिअसचा ताप म्हणजे तातडी: डॉक्टरांनी आधीच दिलेलं अँटिबायोटिक घ्या आणि रुग्णालयात निघा, सकाळची वाट पाहू नका. कुत्रा चावणं आणि मलेरिया हेही प्लीहा नसलेल्यांना जास्त भोवतात. वर्षांनंतर आकडा पुन्हा पडला, तर मागे राहिलेली छोटी जोडप्लीहा शोधतात.

यांशिवाय फोस्टामॅटिनिब आहे. त्यात रक्तदाब आणि जुलाब सांभाळावे लागतात. मायकोफेनोलेट, अझाथायोप्रिन आणि डॅप्सोन ही जुनी, संथ, तुलनेने स्वस्त औषधं आहेत. अझाथायोप्रिनला गुण दाखवायला तीन ते सहा महिने द्यावे लागतात. डॅप्सोनआधी जी६पीडी तपासणी अनिवार्य. त्या एन्झाइमची कमतरता असेल तर लाल पेशी फुटतात. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे.

गरोदरपण

आयटीपी आहे म्हणून मूल होऊ देऊ नये, असं नाही. गरोदरपणात मुख्य आधार कमी डोसचं प्रेडनिसोलोन आणि आयव्हीआयजी यांचा. प्रसूतीला ५० हजार आणि कण्यातल्या भुलीला ७० ते ८० हजार असा अंदाज धरतात. भुलीच्या डॉक्टरांना नवव्या महिन्याआधीच भेटा. आईच्या अँटिबॉडी नाळेतून बाळात जातात, म्हणून जन्मताच नाळेच्या रक्तातून बाळाच्या प्लेटलेट मोजाव्यात. त्या कमी असल्या तर पुढचे काही दिवस पुन्हा मोजत राहावं लागतं, कारण सगळ्यात खालचा आकडा जन्मानंतर दोन ते पाच दिवसांनी येतो, नेमका घरी जायच्या सुमाराला.

औषध थांबवताना

निर्मिती वाढवणारी औषधं एकाएकी सोडली, तर आकडा पूर्वीपेक्षाही खाली जाऊ शकतो. बाटली संपली, दुकानात मिळाली नाही, प्रवासात राहिली, असं होऊ नये म्हणून दोन आठवड्यांचा साठा वेगळा ठेवा. काही महिने आकडा चांगला स्थिर राहिला तर डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवून बघतात, आणि काही जणांना पुढे औषध लागतच नाही. थांबवल्यावर किमान चार आठवडे दर आठवड्याला सीबीसी करा. या काळात दात काढणं, लांबचा प्रवास किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी यातलं काही ठेवू नका.